विवाहाचीं छायाचित्रें आणि समानधर्म्यांची दृष्टि

कोणत्याहि कलेंत शिकणारास चुकण्याची मोकळीक असावी लागते. चित्रकार बिघडलेला कागद टाकून दुसरा घेतो, गवई न साधलेली तान पुन्हां घोळतो, आणि नाटकमंडळी आज फसलेला प्रवेश उद्यां सुधारून करते. विवाहाचें छायाचित्र घेणाराची गोष्ट निराळी आहे. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, आणि जें त्या निमिषांत घडून गेलें तें त्या वधूवरांच्या आयुष्यांत पुन्हां घडत नाहीं. तें टिपावयाचें राहून गेलें तर उपाध्यायांस अंतरपाट फिरून धरावयास सांगतां येत नाहीं. ज्या कामांत चूक सुधारण्याची संधि त्या कामापुरती कधींच मिळत नाहीं, त्या कामांतला कारागीर शिकतो तरी कसा आणि कोणापाशीं, हा प्रश्न सहज सुचण्यासारखा आहे.

गिऱ्हाइकापाशीं शिकतो म्हणावें, तर तें फारसें खरें नाहीं. आई आपल्या मुलीच्या चित्रांत मुलगी पाहते. चित्र पाहण्याइतकी ती त्रयस्थ नसते आणि तिनें तसें असावें अशी अपेक्षाहि कोणी करूं नये. आजोबांची मान थोडी तिरपी आली, मंडपाचा खांब वराच्या मस्तकांतून उगवल्यासारखा दिसला, तरी घरच्या मंडळींस त्या चित्रांत आपलीं माणसें भेटलीं म्हणजे पुरे होतें. छायाचित्रकारास स्वतःची चूक दिसेल असें म्हणावें, तर त्याच्या मनांत त्या प्रसंगाची आठवण ताजी असते. चित्रांत जें उतरलें नाहीं तें तो आपल्या स्मृतींतून भरून काढतो. राहतां राहिला तिसरा मनुष्य. त्या लग्नास तो हजर नव्हता, त्या घराशीं त्याचा संबंध नाहीं, पण त्यानें स्वतः अशींच दहा लग्नें टिपलेलीं आहेत आणि दहा ठिकाणीं ठेंचा खाल्लेल्या आहेत. भवभूतीनें ज्याची वाट पाहिली तो समानधर्मा हाच. विवाहाचें छायाचित्र आज ज्या रूपास पोंचलें आहे त्यास रसायनशास्त्र व यंत्रविद्या जितकी कारण झाली तितकीच ह्या समानधर्म्यांची एकमेकांशीं मोकळेपणानें झालेली बोलाचालीहि कारण झाली, असें त्या इतिहासाकडे पाहिल्यावर वाटूं लागतें. तो इतिहास थोडक्यांत पाहूं.

फ्रान्समध्यें डागेर याची छायाचित्र घेण्याची कृति १८३९ च्या ऑगस्टांत जगापुढें जाहीर झाली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत, १० फेब्रुवारी १८४० रोजीं, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचा विवाह झाला. त्या विवाहाचें छायाचित्र नाहीं. राणीच्या लग्नाचें म्हणून जें चित्र पुष्कळ ठिकाणीं दाखविण्यांत येतें तें वस्तुतः रॉजर फेंटन यानें १८५४ सालीं, म्हणजे लग्नानंतर चवदा वर्षांनीं, राणी दरबारी पोशाखांत असतां घेतलेलें आहे. लोकांस लग्नाचें छायाचित्र असावें अशी इतकी हौस, कीं नव्हतें तेंहि त्यांनीं आहे असें मानून घेतलें!

राणीच्या थोरल्या कन्येचा विवाह २५ जानेवारी १८५८ रोजीं झाला. त्या दिवशीं देवालयांत जाण्यापूर्वीं नवरी मुलगी व तिचे आईबाप यांचें एकत्र छायाचित्र विल्यम्स नांवाच्या छायाचित्रकारानें घेतलें. तें आजहि उपलब्ध आहे. त्यांत राणीचा चेहरा पुसट आला आहे. आपण थरथरत होतों म्हणून आपली प्रतिमा अस्पष्ट उठली, असें तिनें रोजनिशींत नमूद करून ठेविलें आहे. विवाहाच्या छायाचित्राची मूळ अडचण ह्या एका चित्रांत पूर्णपणें दिसून येते. ज्या क्षणीं अंतःकरण हलतें त्याच क्षणीं शरीरहि हलतें, आणि त्या काळच्या यंत्रास हालचाल सोसत नव्हती. पुढें १८६३ सालीं राजपुत्राचा विवाह झाला, तेव्हां वधूवरांचें छायाचित्र मेयल यानें घेतलें. परंतु प्रत्यक्ष विवाहविधीचें चित्र करण्याचें काम फ्रिथ या चित्रकाराकडेच द्यावें लागलें. विधि रंगानें आणि वधूवरें कॅमेऱ्यानें, अशी त्या वेळीं कामाची वांटणी होती.

ह्या वांटणीचें कारण समजून घेण्यासाठीं तेव्हांच्या पद्धतीकडे पाहिलें पाहिजे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या प्लेटच्या कृतींत कांचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ती वाळण्यापूर्वीं काळोख्या खोलींत नेऊन धुवावयाची. हें सारें दहापंधरा मिनिटांत उरकावें लागे. चित्रशाळेच्या उजेडांतहि माणसास कांहीं सेकंद निश्चल बसावें लागे, आणि म्हणून त्याच्या मानेमागें लोखंडी टेकू लावीत. आतां आपल्याकडील विवाहाची कल्पना करावी. मंगलाष्टकें चालू आहेत, मंडपांत दाटी झाली आहे, होमाचा धूर कोंदला आहे, आणि मुहूर्त गोरज असेल तर दिवस मावळला आहे. अशा ठिकाणीं ओल्या प्लेटचा कांहींच उपयोग नव्हता. त्यामुळें लग्न झाल्यावर कोणी एके दिवशीं वधूवरांनीं छायाचित्रकाराच्या दुकानीं जावें, रंगविलेल्या पडद्यापुढें एकानें खुर्चीवर बसावें व एकानें उभें राहावें, आणि श्वास रोखून भिंगाकडे पाहावें, असा परिपाठ पडला. आपल्या पणजोबा-पणज्यांचे गंभीर, जवळजवळ रागावलेले दिसणारे चेहरे हे बऱ्याच अंशीं ह्या रोखलेल्या श्वासाचे चेहरे आहेत.

ओल्या प्लेटचा प्रसार इतका त्वरेनें झाला याचें एक कारण असें, कीं आर्चरनें तिचें पेटंट घेतलें नाहीं. त्याच्या पूर्वीं टॅल्बट यानें कागदावर प्रतिमा घेण्याच्या आपल्या कृतीचें पेटंट १८४१ सालीं घेतलें होतें, आणि कलोडियनची पद्धतहि आपल्याच पेटंटांत येते असा दावा तो करीत असे. लारोश नांवाच्या धंदेवाईक छायाचित्रकारावर त्यानें फिर्याद केली. डिसेंबर १८५४ मध्यें तिचा निकाल लागला. टॅल्बट हा आपल्या कृतीचा खरा शोधक आहे, परंतु लारोशनें त्याचें पेटंट मोडलेलें नाहीं, असें पंचांनीं ठरविलें. टॅल्बटच्या बुद्धिमत्तेविषयीं आदर बाळगूनहि असें म्हणावें लागतें कीं, ज्या विद्येवर पहारा होता ती हळूहळू सुधारली, आणि जी चव्हाट्यावर मांडली गेली ती सर्वांच्या हातांतून जातां जातां झपाट्यानें सुधारत गेली. आर्चर स्वतः १८५७ सालीं दारिद्र्यांत वारला, हीहि गोष्ट येथें विसरतां कामा नये. विद्या मोकळी करणारास तिचें फळ मिळतेंच असें नाहीं.

विद्या मोकळी झाली म्हणजे ती जेथें एकत्र तपासली जाईल अशी जागा लागते. लंडनमधील छायाचित्रकारांची संस्था जानेवारी १८५३ मध्यें स्थापन झाली. त्यानंतर दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं तों, १८५४ च्या ऑक्टोबरांत, मुंबईंत तशीच संस्था निघाली, आणि पुढील वर्षीं तिचें मासिकहि सुरू झालें. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या, म्हणजे मुंबईच्या मागाहूनच्या. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांत १८५५ सालीं छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतंत्र धंदा केला. डॉ. भाऊ दाजी यांचें नांव मराठी वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले वैद्य असून छायाचित्रणांतहि निपुण होते. मुंबईच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्यांनीं काम केलें आणि तिच्या प्रदर्शनांत आपलीं चित्रें मांडलीं. गोमंतकांतून आलेल्या एका सामान्य घराण्यांतील तरुण आपलें काम गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कामाशेजारीं ठेवून त्याची तुलना होऊं देतो, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

अशा सभांतून व मासिकांतून चालणारी चर्चा वरवर पाहतां रूक्ष असे. मुंबईच्या उष्म्यांत ईथर लवकर उडून जातें तेव्हां थर कसा द्यावा, द्रावण गढूळ कां होतें, सावल्या एकदम काळ्या कां पडतात, असे ते प्रश्न. विलायतेच्या पुस्तकांत त्यांचीं उत्तरें मिळणें कठीण होतें, कारण तीं पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं होतीं. त्याच गांवांत, त्याच उन्हांत काम करणारा दुसरा मनुष्य हाच त्या बाबतींत खरा ग्रंथ.

परंतु एकत्र बसण्याचें आसन सर्वांस सारखें नसेल तर काय होतें, याचें उदाहरणहि याच काळांत घडलें. बंगालच्या छायाचित्रण संस्थेचे खजिनदार सुप्रसिद्ध पंडित राजेंद्रलाल मित्र हे होते. १८५७ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेंत त्यांनीं निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. त्या भाषणाचा छायाचित्रांशीं कांहींएक संबंध नव्हता. तरी संस्थेंतील युरोपियन सभासद खवळले, आणि मित्रांस संस्थेंतून काढून टाकण्यांत आलें. ज्या मंडळींत मनुष्याच्या मतासाठीं त्याची जागा जाते, त्या मंडळींत त्याच्या चित्राविषयीं कोणी निर्भीडपणें बोलेल, किंवा तो इतरांच्या चित्राविषयीं बोलूं शकेल, हें संभवत नाहीं. उणें दाखवावयाचें तर दाखविणाराच्या पायांखालची जमीन स्थिर असली पाहिजे. हें सूत्र साध्या मित्रमंडळासहि लागू आहे.

आतां आपल्या विवाहाच्या चित्राकडे वळूं. ओल्या प्लेटला आणखी एक खोड होती आणि ती मराठी वधूस फार जाचक होती. ती प्लेट निळ्या प्रकाशास हळवी, आणि पिवळ्या व तांबड्या प्रकाशास जवळजवळ आंधळी होती. हळद, कुंकू, पिवळी अष्टपुत्री, लाल शेला, हे आपल्या विवाहांतले मंगल रंग. आणि नेमके हेच चित्रांत काळवंडून येत. कुंकू काळें पडे, हळदीनें माखलेली मूळची गोरी त्वचा डागाळल्यासारखी दिसे, आणि वराचें पांढरें धोतर मात्र पांढऱ्या ठिगळासारखें उमटे. जुन्या चित्रांतील वधू शोक करीत असल्यासारखी कां दिसते याचें अर्धें कारण वर सांगितलें; उरलेलें अर्धें ह्या रंगांधळेपणांत आहे.

ह्या दोषावरील उपाय बर्लिनचे प्राध्यापक फोगेल यांनीं १८७३ सालीं दाखविला. कांहीं प्लेटांवर विशिष्ट रंगद्रव्य असल्यास त्या हिरव्या प्रकाशासहि हळव्या होतात असें त्यांस आढळलें, आणि तें त्यांनीं लगेच प्रसिद्ध केलें. समव्यवसायिकांनीं तें एकदम मान्य केलें नाहीं. अनेकांनीं प्रयोग करून पाहिले, कांहींस ते साधले नाहींत, आणि अमेरिकेंतील केरी ली यांच्यासारख्या जाणत्या माणसानेंहि शंका काढल्या. पुढील वर्षीं फ्रान्सच्या बेकेरेलनें स्वतंत्र प्रयोगानें फोगेल यांचें म्हणणें खरें ठरविलें. शंका घेणारांचा येथें उपहास करण्याचें कारण नाहीं. ज्या शोधावर कोणीच शंका घेतली नाहीं तो शोध वापरणारास त्याच्या मर्यादा कळत नाहींत. फोगेल यांच्या वाटेनें जातां जातां १९०६ सालीं सर्व रंगांस हळव्या अशा प्लेटा विलायतेंत विकत मिळूं लागल्या, आणि हळदीकुंकवास छायाचित्रांत कांहींसा न्याय मिळाला.

ह्या दरम्यान दुसरी एक मोठी गोष्ट घडली होती. डॉ. मॅडॉक्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें १८७१ सालीं जिलेटिनचा थर दिलेल्या प्लेटची कृति एका छायाचित्रणविषयक नियतकालिकांत छापली. ती अपुरी होती आणि तें त्यास माहीत होतें. प्रकृति व वेळ यांमुळें स्वतःस पुढें जातां येत नसल्यानें इतरांनीं तें काम पुढें न्यावें अशा हेतूनें त्यानें ती प्रसिद्ध केली. बर्जेस, केनेट इत्यादिकांनीं तींत भर घातली, आणि १८७८ सालीं बेनेट यानें तो रस ऊब देऊन मुरविल्यास प्लेटचा वेग पुष्कळ वाढतो असें दाखवून दिलें. सात वर्षांत अनेक हातांनीं मिळून जें घडलें तें एकाच हातानें घडणें कठीण होतें. कोरडी प्लेट आधीं तयार करून ठेवतां येई, नंतर सवडीनें धुतां येई, आणि क्षणाच्या अंशांत चित्र घेई. काळोखी खोली पाठीवर घेऊन हिंडण्याचें कारण उरलें नाहीं. छायाचित्रकार दुकानाचा उंबरठा ओलांडून मांडवाच्या दारापर्यंत आला तो ह्या अपुऱ्या म्हणून प्रसिद्ध केलेल्या कृतीच्या बळावर.

दाराच्या आंत येण्यास मात्र उजेड हवा होता. मॅग्नेशियमची भुकटी एकदम पेटवून प्रकाश पाडण्याची युक्ति १८८७ सालीं जर्मनींत निघाली. तिनें गोरज मुहूर्ताची अडचण दूर केली, पण धूर, भडका आणि दचकून मिटलेले डोळे ह्या नव्या अडचणी आणल्या. मांडवाच्या कापडाखालीं दारू उडविण्यासारखाच तो प्रकार होता. १९२९-३० च्या सुमारास बंद कांचेच्या गोळ्यांत प्रकाश पाडण्याची सोय झाली, आणि १९२५ पासून लायका हा लहान कॅमेरा बाजारांत आलाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर छायाचित्रकार विवाहविधि चालू असतांच वावरूं लागला, तो ह्या दोन साधनांमुळें.

येथून पुढें अडचणीचें स्वरूप पालटलें. पूर्वीं प्रश्न उजेडाचा होता, आतां तो निवडीचा झाला. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांचा क्रम ठाऊक नसेल तर उत्तम कॅमेरा असूनहि मनुष्य चुकीच्या बाजूस उभा राहतो. उपाध्याय कोठें बसतील, वधूचा मामा कोठून तिला आणील, वडील मंडळींच्या आड न येतां कोठें उभें राहतां येईल, हें ग्रंथांत लिहिलेलें नसतें. आणि केव्हां कॅमेरा खालीं ठेवावा हें तर त्याहूनहि कोठें लिहिलेलें नसतें. पाठवणीच्या वेळीं बापाचे डोळे भरून आले असतां तें टिपणें हें काम आहे कीं आगळीक, याचा निर्णय रसायनशास्त्र देत नाहीं. तो त्या धंद्यांतल्या जाणत्या माणसांच्या बोलण्यांतूनच हळूहळू ठरत जातो.

अशी बोलाचाली घडवून आणण्याचे मार्ग निरनिराळ्या देशांत निरनिराळे निघाले. लंडनमध्यें १८५५ च्या सुमारास आणि न्यूयॉर्कमध्यें १८६१ सालीं सभासदांनीं आपआपलीं चित्रें एकमेकांस पाठविण्याचीं मंडळें निघालीं. पुढें टपालानें फिरणाऱ्या चित्रसंग्रहांची चाल पडली. पेटींत चित्रें आणि एक वही असावयाची. ज्याच्याकडे पेटी येईल त्यानें प्रत्येक चित्रावर वहींत आपला अभिप्राय लिहावयाचा आणि पेटी पुढें धाडावयाची. समोरासमोर बोलतांना जी भीड पडते ती लिहितांना कमी पडते, आणि जो राग येतो तोहि पेटी परत येईपर्यंत निवळलेला असतो. अमेरिकेंतील धंदेवाईक छायाचित्रकारांची राष्ट्रीय संस्था १८६८ सालीं निघाली ती मुळीं एका जाचक पेटंटाविरुद्ध लढतां लढतां. कामाच्या हक्कासाठीं जमलेले लोक पुढील वर्षीं बोस्टन येथें आपलीं चित्रें शेजारीं शेजारीं टांगून पाहूं लागले. प्रतिस्पर्ध्यासहि शिकवावें, कारण एकाच्या वाईट कामानें साऱ्या धंद्याची पत जाते, ही जाणीव तेथें मूळ धरूं लागली.

परंतु समानधर्मी मंडळी नेहमींच बरोबर असतात असें मात्र नाहीं. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही कलकत्त्यास जन्मलेली बाई. तिनें वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं कॅमेरा हातीं घेतला. तिच्या चित्रांतील मऊ, अंधुक रेषा लंडनच्या जाणकारांस खपल्या नाहींत. तिला आपल्या हत्यारांचा उपयोगच येत नाहीं, असा त्यांच्या टीकेचा सूर होता. त्याच काळांत बर्लिन येथें तिला १८६५ सालीं कांस्यपदक व १८६६ सालीं सुवर्णपदक मिळालें. कांचेवरच्या डागांविषयीं व ओरखड्यांविषयीं टीकाकार म्हणत होते तें खोटें नव्हतें. चेहऱ्याच्या आंतला मनुष्य ती दाखवीत होती हें मात्र त्यांस दिसलें नाहीं. ऐकावें सर्वांचें, पण दोष कोणता आणि आपलें वैशिष्ट्य कोणतें हा निवाडा ज्याचा त्यानेंच केला पाहिजे.

आपल्या देशांत विसाव्या शतकांत जीं मंडळें निघालीं, उदाहरणार्थ मुंबईची १९३७ सालची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया किंवा १९५३ सालीं स्थापन झालेला अखिल भारतीय छायाचित्रण संस्थांचा संघ, त्यांनीं प्रदर्शनें भरवून व चित्रें पारखून अनेकांस शिकविलें. तथापि अशा मंडळांचा ओढा साहजिकच निसर्गदृश्यें, व्यक्तिचित्रें आणि कलात्मक रचना यांकडे असावयाचा. लग्नाचें काम हें पोटाचें काम समजलें जाई, आणि तें परीक्षणास मांडावयाचें तें करणारासच सुचत नसे. त्यामुळें ज्या चित्रांवर एका कुटुंबाची तीन पिढ्यांची स्मृति अवलंबून, तींच चित्रें तज्ज्ञांच्या नजरेखालून सर्वांत कमी गेलीं. हौशी व धंदेवाईक यांच्यामधील ही भिंत दोघांसहि नुकसानीची होती. एकाजवळ सवड व सौंदर्यदृष्टि होती. दुसऱ्याजवळ गर्दींत, घाईंत आणि धुरांत काम केल्याचा अनुभव होता.

चांगला अभिप्राय कशास म्हणावें हें एका कल्पित चित्रावरून पाहूं. वधूनें वरास माळ घातली त्या क्षणाचें चित्र आहे. एकानें म्हटलें, 'फार सुंदर!' दुसऱ्यानें म्हटलें, 'साफ फसलें!' दोघांपासूनहि शिकण्यासारखें कांहीं मिळालें नाहीं. तिसरा म्हणाला, 'वधूची मान लवलेली आहे, आणि तुम्हीं कॅमेरा उंच धरल्यामुळें मुंडावळ्यांनीं तिचा चेहरा झांकला. दोन पावलें डावीकडे सरून, गुडघ्यावर बसून पाहिलें असतें तर डोळे दिसले असते. मागचा पेटता दिवा वराच्या कानाशीं आला आहे, तोहि त्यामुळें आपोआप बाजूस गेला असता.' ह्या अभिप्रायानें हें लग्न परत येत नाहीं. पण पुढच्या लग्नांत तो मनुष्य गुडघ्यावर बसतो. ह्या विद्येंत शिकणें तें एवढेंच आणि इतकें सावकाश आहे. एका घरचा राहून गेलेला क्षण दुसऱ्या घरच्या उपयोगीं पडतो.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. जुन्या घरांतील लग्नाचीं समूहचित्रें काढून पाहावीं. वऱ्हाडांतील लहानथोर सारीं ओळीनें बसलेलीं असतात. पण ज्या घरांत विधवेस मंगलकार्यांत पुढें येण्याचा मज्जाव होता, त्या घरच्या चित्रांत ती सांपडावयाची नाहीं. कदाचित् तिनेंच त्या दिवशीं पहांटेपासून स्वयंपाकघर सांभाळलें असेल. छाया, प्रकाश, रचना यांची चिकित्सा करणाऱ्या किती जणांनीं 'ह्या चित्रांत एक मनुष्य कमी आहे' असें म्हटलें असेल? सर्व परीक्षक एकाच सांच्यांतले असले म्हणजे सर्वांच्या डोळ्यांवर एकच झांपड असते. लाला दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस पडद्यांतील स्त्रियांसाठीं निराळी चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईंच्या हातीं दिली, तेव्हां पुरुष छायाचित्रकारास कधींहि दिसले नसते असे चेहरे कॅमेऱ्यापुढें आले. पाहणारा बदलला म्हणजे दिसणारेंहि बदलतें. समानधर्मा हवा तो विद्येनें समान. जातीनें, घराण्यानें व अनुभवानें तो भिन्न असेल तर अधिकच बरें. राजेंद्रलाल मित्रांस बाहेर घालविणाऱ्या सभासदांनीं आपल्या रागापायीं एक वेगळी दृष्टि गमावली, हा त्या हकीकतीचा दुसरा अर्थ आहे.

आज साधनांची अडचण जवळजवळ संपली आहे. काळोखांत चित्र येतें, रंग यथातथ्य येतात, आणि एका लग्नांत हजारों चित्रें घेतां येतात. दूरच्या परिचितास क्षणार्धांत चित्र दाखवितां येतें आणि क्षणार्धांत त्याची शाबासकीहि मिळते. परंतु शाबासकी स्वस्त झाली म्हणून अभिप्राय सुलभ झाला असें नाहीं. वर्गांतल्या निबंधावर नुसता 'उत्तम' असा शेरा मिळालेला विद्यार्थी पुढील निबंध तसाच लिहून आणतो, हा शिक्षकाच्या धंद्यांतील नेहमींचा अनुभव आहे. शिवाय ज्या कामांत चढाओढ आहे तेथें दुसऱ्याचें उणें त्याच्या पाठीमागें सांगण्याचीच प्रवृत्ति अधिक असते. पाठीमागें सांगितलेल्या उण्यानें कोणीच शिकत नाहीं.

मॅडॉक्सनें आपली अपुरी कृति छापली, फोगेल यांनीं शंका सोसल्या, नारायण दाजींनीं आपलीं चित्रें परक्यांच्या रांगेंत मांडलीं. तिघांनींहि, काम पूर्ण निर्दोष झाल्यावरच दाखवीन असें म्हटलें नाहीं. लग्नाच्या चित्रांच्या बाबतींत ह्या गुणाची किंमत अधिक आहे. कारण वीसपंचवीस वर्षांनीं त्या चित्रांतील वडील मंडळी नाहींशी झालेलीं असतात, आणि त्यांचें बोलणें, हंसणें, उभें राहण्याची ढब ह्यांतलें जें त्या दिवशीं नीट उतरलें असेल तेवढेंच नातवंडांच्या हातीं राहतें. तें नीट उतरावें म्हणून दोन छायाचित्रकारांनीं एका टेबलाशीं बसून एकमेकांचीं चित्रें पाहावींत, आणि एकानें शांतपणें म्हणावें कीं, 'येथें तुम्हीं दोन पावलें डावीकडे सरावयास हवें होतें.' ऐकणारानें रागावूं नये. तीं दोन पावलें पुढच्या लग्नांत कोणाच्या तरी आजीचा चेहरा वांचवितील.